खाडीवर पहिल्यांदा जाताय? झाड लावायची घाई नको

खाडीकाठी कांदळवनाचं, म्हणजे मॅन्ग्रोव्हच्या रानाचं, काम करायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘झाडं कधी लावायची?’ मीही तोच विचारला होता. ऐरोलीच्या बाजूला, ठाणे खाडीच्या काठावर, एका रविवारी सकाळी, नवेकोरे गमबूट घालून. सोबतच्या कोळी काकांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बाय, ते आधी काढ.’ मी काढले नाहीत. दहा मिनिटांत डावा बूट चिखलाने धरून ठेवला, पाय तेवढा सुटला आणि मी दोन्ही हातांवर पडले.

तेव्हापासून नव्या माणसाला मी झाडाचं नाव शेवटी सांगते. आधी पाणी ओळखायचं, मग कचरा काढायचा, मग पाण्याची वाट कुठे अडली आहे ते शोधायचं. एवढं झाल्यावर बहुतेक ठिकाणी झाड लावायची गरजच उरत नाही, कारण तिवर, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं कांदळवनातलं झाड, आपली आपण येते. खाली लिहिलंय ते मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या खाड्या डोळ्यांपुढे ठेवून. पण वसईपासून रत्नागिरीपर्यंत थोड्याफार फरकाने हेच चालेल.

तिथी आणि पाऊणकी

मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या जरूर बघा. पण त्या बहुधा मुंबईतल्या अपोलो बंदराच्या असतात आणि खाडीत आतवर पाणी उशिरा पोचतं, हे लक्षात ठेवा. शिवाय पडद्यावरचा आकडा बघून पाणी अंगात मुरत नाही. त्यापेक्षा कोकणातला जुना हिशेब शिका: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसातून दोनदा तीच वेळ, पहाटे आणि दुपारी किंवा सकाळी आणि रात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

यावरून कामाचा दिवस ठरतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पाणी उतरलेलं हवं असेल तर तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथ्या सोयीच्या. एकादशीला सकाळी साडेआठला हौसेने गेलात तर भरती डोक्यावर असेल आणि तुम्ही रस्त्यावर उभे राहून वडापाव खाल. आम्ही खाल्लाय.

दुसरी जोडी शिकायची ती उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, पावसाळ्यात बातम्यांमध्ये ऐकतो तोच आकडा. काठावर सुकलेला पाचोळा, थर्माकोल आणि चपला यांची एक लांब रेघ दिसते ना, ती मागच्या उधाणाची सही. ही रेघ पहिल्या दिवशीच ओळखून ठेवा, पुढे तीन-चार वेळा तिची गरज पडणार आहे.

पायात काय, अंगात काय

गमबूट नकोत, हे झालंच. घोट्यापर्यंत येणारे, लेस घट्ट बांधता येणारे जुने कॅनव्हासचे बूट आणि आत जाड मोजे. अनवाणी जाऊ नका. कोळी मंडळी जातात. पण कुठे कालवांची धार आहे आणि कुठे काच, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं, आपल्या नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, रबराचे जाड हातमोजे, टोपी, माणशी दीड लिटर पाणी. आणि एक कात्री. तिचं काम पुढे सांगते.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पायाला ताजी जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून वजनं लिहून घ्या, चिखलात उतरू नका. शहराची सांडपाण्याची गटारं याच खाडीला मिळतात आणि पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका खरा असतो. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही नव्या लोकांना चिखलात नेतच नाही. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘खाडीच्या चिखलात गेले होते’ हे आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत.

चिखलात अडकलात तर पाय सरळ वर ओढू नका. जितकं ओढाल तितकं तो धरतो. टाच हलवून हवा आत जाऊ द्या, दुसरा गुडघा टेकून भार पसरा, मग हळूच पाय काढा. आणि चालताना खाली बघा. तिवरीभोवती जमिनीतून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली दिसतील. ती तिची श्वासमुळं. तो चिखल इतका दाट असतो की आत हवा पोचत नाही, म्हणून मूळच वर येऊन श्वास घेतं. त्यांवर पाय पडला तर मोडतात. एका रविवारी वीस उत्साही लोकांची रांग एकाच वाटेने चार वेळा गेली, की ती वाट काही महिने तरी उजाड राहते. म्हणून आम्ही एकच वाट ठरवतो, तीही मुळं विरळ असतील तिथून.

परवानगीचा कंटाळा करू नका

कांदळवन म्हणजे मोकळी जागा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि 2018 च्या सप्टेंबरमध्ये अंतिम निकाल दिला. कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, हेही त्या निकालात आहे. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं आज कायद्याने वन आहेत. ती वन विभागाचा कांदळवन कक्ष बघतो. हा कक्ष 2012 मध्ये सुरू झाला. ठाणे खाडीचा 1690 हेक्टरचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचं राज्यातलं ते तिसरं.

याचा तुमच्यापुरता अर्थ: सफाईसाठीसुद्धा आधी कांदळवन कक्षाच्या त्या भागातल्या वनक्षेत्रपालांना भेटा, लेखी अर्ज द्या, माणसं किती आणि वेळ कोणती ते कळवा. फावडं, कुदळ, रोपं यांचा प्रश्न आला तर परवानगीशिवाय काहीच करू नका. हेतू चांगला असला तरी वनात चर खणणं हा गुन्हाच आहे. सुरुवातीला स्वतःचा गट काढण्यापेक्षा आधीपासून जाणाऱ्या गटासोबत चार-पाच वेळा जा. परवानगीची कटकट वाचते आणि चिखलही ओळखीचा होतो.

आणखी एक परवानगी कागदावर नसते. त्या काठावर जाळी टाकणारे, चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे लहान मासे) पकडणारे लोक असतात. त्यांना आधी भेटा. खुंटाला बांधलेलं जाळं तुम्हाला कचरा वाटेल, पण ते कुणाचं तरी आजचं जेवण असू शकतं. शिवाय पाणी कधीपासून येईनासं झालं, हा कागदपत्रांत न सापडणारा प्रश्न त्यांनाच विचारायचा आहे.

कचरा काढणं म्हणजे ओढणं नव्हे

आता ती कात्री. गुडघाभर उंचीचं तिवरीचं रोप घ्या. त्याच्या खोडाला दुधाची पिशवी गुंडाळलेली आहे, एका फांदीला मांजाचा दोरा आहे आणि बुंध्याशी गुटख्याच्या पुड्यांची माळ चिखलात गाडलेली आहे. नवा माणूस पिशवीचं टोक धरून खेचतो. पिशवी येते, सोबत साल येते आणि कधी कधी रोपही येतं. प्रत्येक भरतीला पाणी ती पिशवी ओढत असतं, त्यामुळे रोप आधीच वाकलेलं असतं. पिशवी जागच्या जागी कापा, तुकडे हलकेच सोडवा, चिखलात गेलेला भाग पृष्ठभागाशी कापून सोडून द्या. एका रोपाला पाच मिनिटं लागतात. मग दिवसभरात गोण्या कमी भरतात आणि फोटो तेवढे दणदणीत येत नाहीत, चालेल.

सर्वांत आधी काढायचं ते श्वासमुळांवर चादरीसारखं पसरलेलं प्लास्टिक. बाटल्या दिसायला वाईट, पण मुळांवरचा कापडाचा किंवा ताडपत्रीचा तुकडा झाडाचा गळाच दाबतो. बाटल्या शेवटी उचलल्या तरी चालतात.

काय उचलायचं नाही तेही सांगते. वाळक्या फांद्या, पाचोळा, शिंपले, ओंडके. घाण दिसते म्हणून पाचोळा गोळा करणारे लोक मी पाहिलेत. खेकडे तोच पाचोळा बिळात ओढून नेतात, त्याच्यावर खाडीची अर्धी पंगत उठते. इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर हाताने नको, चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. आणि तिथे काहीही पेटवू नका.

गोण्या अर्ध्याच भरा. ओला चिखल धरलेली पूर्ण गोणी दोघांनाही उचलत नाही. गाडीसाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या घनकचरा विभागाला चार दिवस आधी सांगा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा. गोण्या ठेवायच्या त्या उधाणाच्या रेघेच्या वर. हे मी ठळक सांगते, कारण एका त्रयोदशीला आम्ही चाळीसेक गोण्या काठावर नीट रचून, समोर उभं राहून फोटो काढून घरी गेलो. गाडी परवा येणार होती. परवा पौर्णिमा होती. गाडी आली तेव्हा बांधून ठेवलेला सगळा कचरा पुन्हा तिवरींत जाऊन बसला होता, आता गोण्यांसकट.

पाणी कुठे अडलंय?

इथे थोडं थांबू या, कारण खरं काम हे आहे आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

तिवर, चिप्पी, कांदळ या झाडांना पाणी येणंही हवं आणि जाणंही हवं. भरती येणं बंद झालं तर जमीन वाळते, मीठ वर येऊन पांढरा थर दिसू लागतो आणि झाडं उभ्याउभ्या सुकतात. पाणी येऊन अडकून राहिलं तर उलटं होतं: श्वासमुळं बुडून राहतात आणि झाड गुदमरतं. दोन्ही बाबतींत लांबून दृश्य एकच दिसतं, पान नसलेल्या राखाडी खोडांचं रान. म्हणून मेलेली झाडं दिसली की लगेच ‘कुणीतरी विष घातलं’ म्हणू नका. आधी जमीन बघा. तडे आणि पांढरं मीठ आहे, की हिरवट साचलेलं पाणी आणि कुजका वास आहे?

तमिळनाडूत पिचावरमला हेच झालं होतं. पूर्वी तिथे पट्टे आखून सरसकट तोड झाली. उघडा पडलेला चिखल वाळून खचला, खोलगट भाग तयार झाले, त्यांत भरतीचं पाणी साचून सुकत गेलं आणि खारेपणा इतका वाढला की बी रुजेना. उपाय केला तो चर खणण्याचा: माशाच्या काट्यासारखे, मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना तिरके लहान. पाणी पुन्हा आत-बाहेर करू लागलं आणि कांदळवन परतलं. आपल्याकडे नेरूळच्या डीपीएस तळ्याची गोष्ट ताजी आहे. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, तळं शेवाळाने भरत गेलं आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे उतरेनासे झाले. तिथे कितीही रोपं लावली असती तरी काय झालं असतं?

तर तुमच्या जागी पाणी कुठे अडलंय हे शोधायची सोपी रीत. पाच-सहा बांबू घ्या, त्यांना खालपासून वरपर्यंत गेरूचा दाट हात द्या आणि वाळू द्या. परवानगी घेऊन ते काठापासून आत ओळीने रोवा: एक मुख्य खाडीजवळ, एक जिवंत तिवरींत, दोन उजाड जागेत, एक रस्त्याच्या किंवा बांधाच्या पलीकडे. उधाणाची भरती जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गेरू जिथपर्यंत धुतला गेला, तिथपर्यंत पाणी आलं होतं. जिवंत झाडांतला बांबू गुडघ्यापर्यंत धुतलाय आणि पंधरा पावलांवरच्या उजाड जागेतला कोरडाठाक आहे? मग त्या पंधरा पावलांमध्येच काहीतरी आहे. बहुतेक वेळा जुना बांध असतो, रस्त्याखालची बुजलेली मोरी असते, नाहीतर राबिटाचा, म्हणजे बांधकामाच्या मलब्याचा, ढीग. ओहोटीला पुन्हा जाऊन कुठे पाणी मागे राहिलंय तेही बघा आणि वहीत नकाशा काढा. नकाशा वेडावाकडा चालतो, दिशा आणि तारीख तेवढी लिहा.

हे तुम्ही हाताने उकरायचं नाही. मोरी ज्या खात्याची असेल त्या खात्याला आणि कांदळवन कक्षाला पत्र लिहायचं. सोबत नकाशा, बांबूंचे फोटो आणि दोन वेगवेगळ्या तिथींच्या नोंदी जोडायच्या. ‘कांदळवन वाचवा’ असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं. ‘पुलाखालची तिसरी मोरी बंद आहे, तिच्या अलीकडे पाणी दोन फूट, पलीकडे शून्य’ असं लिहिलं तर कधी तरी एक कनिष्ठ अभियंता बघायला येतो. आमच्याकडे एक मोरी उघडायला दोन पावसाळे गेले. उघडल्यावर आम्ही एकही रोप लावलं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे बोटभर तिवरी उगवल्या होत्या, मोजता मोजता कंटाळा आला.

राबिट टाकताना डंपर दिसला तर त्याच्या आडवे जाऊ नका. लांबून फोटो, गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण टिपा. पोलीस, तहसीलदार आणि कांदळवन कक्ष या तिघांनाही कळवा. एकाला कळवलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वरची तक्रार कोकण विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जाते.

आणि तरीही लावायचंच असेल तर

पाणी नीट येतंय-जातंय, कचरा निघालाय, एक-दोन हंगाम वाट पाहिली आणि तरी बी येत नाही, कारण जवळपास फळणारं झाडच उरलेलं नाही. अशाच जागी लावा.

तिवरीची फळं पावसाळ्यात पिकतात. हिरवट करडं, जरासं चपटं, एका टोकाला निमुळतं फळ हातात घ्या आणि रात्रभर पाण्यात ठेवा. वरची पातळ साल आपोआप सुटते आणि आत घडी घातलेली दोन जाड पानं दिसतात. कोंब तयारच असतो. झाडावर असतानाच बी रुजायला लागलेलं असतं. कांदळाचं तर आणखी पुढचं: त्याची लांब हिरवी शेंग म्हणजे शेंग नव्हेच, ते झाडाला लटकलेलं रोपच असतं. टोक खाली ठेवून तिचा तिसरा हिस्सा चिखलात खोचला की झालं. उलटी खोचणारे दर वर्षी भेटतात. तिवरीची रोपं मात्र आधी वाफ्यात, पिशव्यांत वाढवून घेतलेली बरी. भरतीच्या ढकलाढकलीत उघडं बी टिकणं नशिबाचं.

कोणतं झाड कुठे, हे पुस्तकापेक्षा शेजाऱ्याला विचारा. म्हणजे जवळच्या जिवंत कांदळवनात पाण्याच्या कडेला काय आहे आणि आत उंचावर काय आहे ते बघा आणि तेच, त्याच पातळीवर लावा. पातळी कळते ती त्या गेरूच्या बांबूंवरून. पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष आहे म्हणून सगळीकडे चिप्पीच लावली तर जगणार नाही. दोन रोपांत दीड मीटर धरलं तर हेक्टरी 4444 रोपं बसतात. आकडा फलकावर छान दिसतो, पण मी स्वतः झुबके करून, मधे मोकळी जागा सोडून लावायच्या बाजूची आहे. खाडी पुढची भर आपली आपण घालते.

आणि एक जागा कधीच नाही: ओहोटीला उघडा पडणारा सपाट, झाड नसलेला चिखल. तो रिकामा दिसतो आणि म्हणूनच सगळ्यांना तिथे झाडं लावावीशी वाटतात. शिवडीला किंवा ऐरोलीला हिवाळ्यात जाऊन बघा, त्याच चिखलावर हजारो रोहित मान उलटी करून शेवाळ गाळत असतात, कडेने तुतवार पक्षी धावत असतात. ते त्यांचं ताट आहे. शिवाय तो चिखल इतका वेळ पाण्याखाली असतो की रोप जगतच नाही. एका कंपनीच्या वृक्षारोपणात, पाहुणे वेळेवर आले पाहिजेत म्हणून, आम्ही अशाच चिखलात तीनशे कांदळ खोचले होते. दसऱ्याला गेले तेव्हा अकरा उभे होते, त्यांतल्या सातांवर कालवांसारख्या पांढऱ्या कवचांचा थर बसलेला. मी त्या कार्यक्रमाच्या फोटोत हसताना दिसते.

वही

लावा किंवा लावू नका, मोजा मात्र नक्की. चारही बाजू एक मीटर असा दोरीचा चौकोन, पाच ठरलेल्या जागी, दर तीन महिन्यांनी. त्यात किती रोपं, किती जगली, नवी किती, खेकड्यांची बिळं किती. बिळं वाढली तर समजा, पाणी बरं चाललंय. निवट्या उड्या मारताना दिसल्या तर तीही नोंद. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने. पहिल्या वर्षी काही विशेष दिसणार नाही; तिसऱ्या वर्षी पहिलं पान उघडून बघा.

घरी आल्यावर बूट लगेच धुवा, नाहीतर चिखल सिमेंटसारखा होतो, आणि ते उपडे करून वाळत घाला. मग कॅलेंडर काढा. समजा पुढच्या रविवारी पंचमी आहे. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. भरती पहाटे पावणेचारला, ओहोटी पावणेदहाच्या सुमाराला. आठला काठावर, अकराच्या आत बाहेर. कात्री विसरू नका.